शेवटच्या रांगेपर्यंत

४ फेब्रुवारी

आज सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दूधवाला येऊन गेला का असं विचारावं तितक्या सहज सांगितलं, "सोमवारपासून वर्ग तू घ्यायचास."

वर्ग म्हणजे आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचा थिअरीचा वर्ग. गाडीला हात लावण्याआधी शिकाऊ मंडळींना खोलीत बसवून रस्त्याच्या खुणा, सिग्नल, कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं, हे सगळं डोक्यात घालायचं. मी फ्रॉकात होते तेव्हापासून हे बाबाच करतायत, आणि असं करतात की लायसन्स मिळालेली माणसंसुद्धा अधूनमधून येऊन मागे बसतात, नुसती ऐकायला. "क्लच म्हणजे संसार. एकदम सोडला तर झटका, धरूनच ठेवला तर जळका वास." हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि दर वेळी हसलेय.

आणि मी कोण? ऑफिसात बसून वेळापत्रक लावणारी. फोनवर लोक मला म्हणतात, "हॅलो, हॅलो, लाइन खराब आहे वाटतं." लाइन ठणठणीत असते, मीच वाक्याचा शेवट गिळते. घरातलं माझं नाव 'पुटपुट'. त्यात समोरचा एक दात शेजारच्याच्या मांडीवर बसलाय, म्हणून बोलताना हात आपोआप तोंडावर जातो. गाडी शिकवण्याचा परवाना मी हौसेनं काढून ठेवलाय, पण शिकवायला एकदाही बसले नाही. माझं 'ब्रेक' तोंडातून बाहेर पडेपर्यंत गाडी भिंतीत शिरलेली असायची.

"मला जमणार नाही," मी म्हटलं. बाबांनी पेपर उचलला आणि उघडला. हल्ली हे एक नवीनच शिकलेत, नको ते ऐकायचंच नाही.

आईकडे गेले तर ती म्हणाली, "घे ना गं. त्यांचा घसा दुखतो." घसा? कालच शेजाऱ्यांना मांजरावरून सुनावत होते, ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

खरी भीती पुढेच आहे. मार्चअखेरीला स्कूलच्या परवान्याची मुदत संपते. परवाना कार्यालयातले साहेब स्वतः येतात, वर्गात बसतात, मग गाडीत मागच्या सीटवर बसून शिकवणं बघतात. त्यांना पटलं नाही तर पाटी खाली. आणि नेमकं आता बाबा मला पुढे करतायत. का, हे मला कळत नाहीये.

९ फेब्रुवारी

पहिला वर्ग झाला. पार पडला असं म्हणवत नाही, नुसता झाला.

वर्गाची खोली ऑफिसखालच्या तळघरात आहे. खिडकी नाही, भिंतीवर खुणांचे तक्ते, टेबलावर आतलं दिसावं म्हणून कापून ठेवलेला जुना गिअरबॉक्स. मी फळ्याकडे तोंड करून सुरुवात केली, कारण फळा आपल्याकडे टक लावून बघत नाही. त्रिकोण काढला, "ही खूण सावधानतेची" असं म्हणते न म्हणते तोच मागून हाक आली, "मागे ऐकू येत नाही!"

वळून बघते तर बाबा. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, शाळेतल्या पोरासारखा हात वर. मी घसा खाकरला, पुन्हा म्हटलं. पुन्हा हात वर. "फळ्याला शिकवतेयस का? त्याला लायसन्स नकोय." सगळा वर्ग हसला. तेवढ्यात कोणीतरी गोल चौकाबद्दल काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, तर पुन्हा हात वर. असा हात वर होत होत तास संपला. धरणी दुभंगली असती तर मी आधी उडी मारली असती, पण तळघरात धरणी आधीच खाली होती.

पहिल्या रांगेत लाल चष्म्याच्या डेंटिस्टबाई होत्या. लोकांच्या जबड्यात निधड्या छातीनं हात घालतात पण गाडी मागे घ्यायची म्हटली की त्यांच्या हातापायाला घाम सुटतो. जाताना म्हणाल्या, "मला तर नीट ऐकू येत होतं हं तुमचं." त्यांच्या मागचा गृहस्थही म्हणाला, "मलाही." चांगली माणसं आहेत, माझं मन राखायला खोटं बोलली.

१३ फेब्रुवारी

बाबांनी माझी शिकवणी सुरू केलीय. जिन्यात, जेवताना, कुठेही. बोलताना तोंड समोर पाहिजे. फळ्यावर लिहायचं तर आधी लिही, मग वळ, मग बोल. आणि हात खाली. "दात दिसेल," मी म्हटलं. हे वाक्य मी हात तोंडावर ठेवूनच म्हटलं, तर म्हणाले, "हात काढ आणि मग सांग." काढला. "दात दिसेल, बाबा." तेव्हा म्हणाले, "दिसू दे. ओठ दिसले पाहिजेत. अर्धं बोलणं ओठांवर असतं."

काय वाक्य आहे! हे बाबांना सुचतं कुठून?

सगळ्यात मजेशीर नियम प्रश्नांचा आहे. कोणी काही विचारलं की आधी तो प्रश्न मोठ्यानं सगळ्या वर्गाला परत सांगायचा आणि मग उत्तर द्यायचं. कारण शेवटच्या रांगेतल्याला प्रश्नच कळला नसेल तर तुझं उत्तर त्याच्या डोक्यावरून जाणार. पटलं. पण मी म्हटलं, तुम्ही स्वतः इतकी वर्षं असं करत नव्हतात. तर म्हणाले, "माझी गोष्ट वेगळी होती." मोठ्या कलावंतांना नियम लागू नसतात, हे मी ऐकून आहे.

१८ फेब्रुवारी

एक नवीनच नाद लागलाय. ज्यांचं बोलणं लोक ऐकतात ती माणसं नेमकं काय करतात, हे मी बघत फिरते.

बँकेत काचेपलीकडे बसणारी बाई एका वाक्यात एकच गोष्ट सांगते. "इथे सही." मग थांबते. सही झाली की, "आता मागे." रांगेत कोणी तिच्याशी हुज्जत घालत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस मात्र खूप बोलतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे न बघता खिळे निवडत असतं. म्हणजे जास्त बोलणं आणि पोचणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग मी त्याच दुकानात एक प्रयोग केला. दारातून पुटपुटत न जाता सरळ समोर उभी राहिले, हात खाली, तोंड वर, आणि म्हटलं, "मला पडद्याच्या दांडीची दोन टोकं हवीत." तो बोलायचा थांबला. टोकं काढून दिली. "अजून काही, मॅडम?" आजवर तो मला 'काय गं' म्हणायचा.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "आणि दात?" दात मी विसरूनच गेले होते.

२२ फेब्रुवारी

आईबाबांचं काहीतरी चाललंय. इतकी वर्षं आई स्वयंपाकघरातून "अहो" अशी हाक मारायची, भांड्यांच्या आवाजावरून जाणारी. आता ती हाक मारत नाही. हात पुसत बाहेर येते, बाबांच्या खांद्याला हात लावते, ते वळून बघतात आणि मग बोलते. आज तर त्यांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, सावकाश विचारत होती की भेंडी करू की वांगी. मी दारातून बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर भेंडीसाठी असं डोळ्यांत बघणं! म्हातारपणी प्रेम उतू जातं म्हणतात ते हेच. मला जरा हेवाच वाटला.

बाबाही निवळलेत. पूर्वी खिडकीखाली कोणी विनाकारण हॉर्न वाजवला की हातातला घास टाकून भांडायला जायचे. काल एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून झोपी गेल्यासारखा वाजवत होता आणि बाबा शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. वय माणसाला शहाणं करतं.

२ मार्च

आज हात तीनदाच वर झाला!

नुसतं मोठ्यानं बोलून उपयोग नाही, हे मला आता कळलंय. ओरडलं की आवाज फुटतो आणि शब्द एकमेकांवर चढतात, माझ्या दातांसारखे. मी शब्द सुटे करते, आणि शेवटचा शब्द हातात धरून शेवटच्या रांगेत नेऊन ठेवते. तिथे बाबा बसलेले असतात. ते माझ्या तोंडाकडे इतकं एकाग्र होऊन बघतात की असा श्रोता जगात कोणाला मिळाला नसेल. मी एखादा शब्द गिळला तर त्यांच्या कपाळावर आठी येते, नीट बोलले की जाते. मी आता त्या आठीकडे बघूनच शिकवते. बाकीचा वर्ग आपोआप ऐकतो.

बाबांनी गाडीतही नवा नियम काढलाय. गाडी चालू असताना बोलायचं नाही. बाबा फक्त हातानं खुणा करणार. शिकणाऱ्याला काही विचारायचं असेल तर गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, त्यांच्याकडे तोंड करायचं आणि मग विचारायचं. डेंटिस्टबाई म्हणाल्या, "सरांच्या गाडीत अगदी ध्यानाला बसल्यासारखं वाटतं." दोन नवीन लोक तर हे ऐकून नाव घालायला आले.

एकच गोष्ट खटकते. गाडी फाटकातून आत येते तेव्हा इंडिकेटर चालूच असतो. वळून झालं, गाडी उभी राहिली, तरी दिवा आपला उघडमीट करतोय. बाबा एरवी इंडिकेटर चालू ठेवणाऱ्याचा पाणउतारा करायचे. आता टकटक चालू असते आणि ते निवांत आपली उशी सारखी करत बसलेले असतात. उशी म्हणजे आईनं शिवलेली, शिकवणाऱ्याच्या सीटवरची. बाबा उंचीला कमी, आणि त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकपर्यंत पाय नीट पोचायला ती लागते.

११ मार्च

डेंटिस्टबाई आज वर्गाआधी वर ऑफिसात आल्या. मला वाटलं वेळ बदलून हवीय.

"सरांचं मन केवढं खंबीर आहे हो," म्हणाल्या. काल मोठ्या चौकात लाल सिग्नलला त्यांची गाडी सगळ्यात पुढे होती. मागून रुग्णवाहिका आली. सायरन चालू. "मला तर काय करावं कळेना. सरांकडे बघितलं, तर ते समोर बघत शांत. हातानं खूण, थांबा म्हणून. बोलायचं नाही हा नियम, म्हणून मीही थांबले. मागे सायरन नुसता किंचाळतोय. शेवटी शेजारच्या बसमधून लोक ओरडायला लागले, हात करायला लागले, तेव्हा सरांनी आरशात बघितलं आणि पटकन गाडी कडेला घ्यायला लावली."

मी हसून काहीतरी बोलले. पण गेल्याच आठवड्यात मी वर्गात शिकवलं होतं, की सायरन ऐकू आला की आधी आरसा, मग कडेला, मग बाकीचं जग. बाबांच्याच शब्दांत शिकवलं होतं.

संध्याकाळी बाबांना विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिग्नल लाल होता." मग जरा वेळानं, "ती बाई घाबरट आहे." आणि टेबलावरून उठून गेले. इतके घाईनं ते कधी उठत नाहीत. आई ताटं उचलायला लागली, आमचं जेवण संपलं नसताना.

मला हे कोडं सुटलेलं नाही. सुटावं असं वाटतंय आणि नाहीही वाटत.

१७ मार्च

साहेबांच्या भेटीचं पत्र आलं. सत्तावीस तारीख. आधी वर्ग बघणार, मग गाडी. वर्ग मी, गाडी बाबा. बाबा म्हणाले, "तुझं जमलंय. मला आता काळजी नाही." हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी गिअरबॉक्सही पुसून काढला.

२३ मार्च

घाईघाईनं लिहितेय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

आज वर्गात इंडिकेटरचा पाठ होता. हा पाठ माझा स्वतःचा आहे, बाबांचा नाही. मी म्हणत होते, इंडिकेटर म्हणजे मनात काय आहे ते लोकांना आधी सांगणं. एवढ्यात दिवे गेले. तळघर, खिडकी नाही, मिट्ट काळोख. दीड महिन्यापूर्वीची मी असते तर सुटका झाली म्हणून जिन्याकडे धावले असते. पण मला मजा वाटली. दिसत कोणीच नाही, नुसता आवाज उरलाय, आणि तो माझा आहे! मी बोलतच राहिले.

"घाबरू नका, दिव्याशिवायही इंडिकेटर समजतो. वळून झाल्यावर वळणार म्हणून सांगून उपयोग नाही. आणि वळल्यावरही दिवा चालूच ठेवलात, तर लोक तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडतात. आमच्या एका मावशींचं तसंच आहे. दर महिन्याला सांगतात, मी आता माहेरी निघून जाणार."

वर्ग खदखदून हसला. काळोखात हसू आणखी मोठं वाटतं. मी पुढचं वाक्य उचललं, शेवटच्या रांगेपर्यंत फेकलं. माझा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता, इतका स्वच्छ.

आणि मी बोलत असतानाच, माझ्या वाक्याच्या मधोमध, मागून बाबांचा आवाज आला.

"का थांबलीस? बोल ना!"

वर्गाला वाटलं सर गंमत करतायत. पुन्हा हशा झाला. मी म्हटलं, "बाबा, मी बोलतेय." मोठ्यानं म्हटलं. आणि बाबा काळोखातून म्हणाले, धीर द्यायच्या स्वरात म्हणाले, "घाबरू नकोस पुटपुट. दिवे येतील. बोल तू."

मग कोणीच हसलं नाही.

दिवे आले तेव्हा बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे एकाग्र. माझे ओठ मिटलेले होते. मी मान हलवली, हसले, फळ्यावर काहीतरी लिहिलं, वळले आणि तास संपवला.

२४ मार्च

आईला गाठलं. तिनं आधी भांडी घासली, मग गॅस पुसला, मग पुसलेला गॅस पुन्हा पुसला. मग बसली.

दीड वर्ष झालं म्हणे. आधी बारीक आवाज गेले, मग मागून येणारे, आता समोरचे ओठ दिसले नाहीत तर जवळजवळ काहीच नाही. डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र सांगितलं. बाबा म्हणाले, कानात यंत्र घातलेला मास्तर कोणाला हवाय, साहेबांची भेट होऊ दे, मग बघू. वर्ग सोडला कारण एकानं एक विचारलं, त्यांनी उत्तर भलतंच दिलं आणि सगळे हसले. "त्या दिवशी जेवले नाहीत," आई म्हणाली. "मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून."

"आणि मला शिकवलं ते सगळं? ओठ, हात, प्रश्न परत म्हणणं?"

आईनं गॅस पुसायचं फडकं पुन्हा हातात घेतलं.

मी चिडले. खोटं कशाला लिहू, खूप चिडले. मला वाटत होतं मी वक्ता होतेय, आणि मी एका माणसाला ऐकू जावं म्हणून घासून काढलेलं भांडं होते. हेवा वाटलेली ती भेंडीसुद्धा प्रेमाची नव्हती. आईला तसं म्हटलंही. तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "मग कशाची होती?"

पण माझा राग टिकेना. सारखी ती रुग्णवाहिका डोळ्यांपुढे येते. आत कोण होतं, वेळेवर पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही. आणि सत्तावीस तारखेला बाबा पुन्हा त्या सीटवर बसणार आहेत. साहेबांना कळलं तर स्कूल जाईल. नाही कळलं तर ते अजून वाईट, कारण मग बाबा अठ्ठावीसलाही बसतील.

आई म्हणाली, "मी सांगितलं होतं. ते माझं ऐकत नाहीत." मग तिलाच कसंतरी झालं. "म्हणजे ऐकतात. पण मी हळू बोलते, रडत बोलते. तू सांग. तुला आता येतं."

२५ मार्च

सांगितलं.

सकाळी बाबा गाडी पुसत होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, ते आपल्या उशीवर येऊन बसले. इंजिन बंद. ऊन समोरच्या काचेतून माझ्या तोंडावर येईल अशी गाडी मी आधीच फिरवून ठेवली होती. त्यांच्याकडे वळले. हात मांडीखाली दाबून ठेवले, नाहीतर ते तोंडावर गेले असते.

"बाबा, मला कळलंय. तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी समोर बघायला सुरुवात केली. न बघितलं की ऐकू येत नाही, ही युक्ती आता मला माहीत होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, आई लावते तसा. वळेपर्यंत थांबले.

"मी रागावलेली नाही. त्या दिवशी चौकात सायरन वाजत होता. तुम्हाला तो ऐकू आला नाही. त्या गाडीत कोणीतरी होतं. कोणाचा तरी बाप असेल. उद्यापासून तुम्ही शिकवायला..."

आणि शेवट गेला. घशातच गेला. गेल्या दोन आठवड्यांत एकदाही गेला नव्हता.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. कपाळावर ती आठी आली.

"शेवट गिळलास," ते म्हणाले. "पुन्हा म्हण."

मला वाटतं त्यांना कळलं होतं. शेवट काय असणार, हे कोणालाही कळलं असतं. पण ते थांबले होते, मागच्या रांगेत बसून थांबायचे तसे. मग मी हात मांडीखालून काढले, डोळे पुसले, आणि शब्द सुटे करून म्हटलं, "उद्यापासून तुम्ही शिकवायला बसायचं नाही. मी बसणार. आणि तुम्ही कानाला यंत्र लावायचं."

आठी गेली.

"हं," बाबा म्हणाले. "आता पोचलं."

त्यांचा पाय त्या जादा ब्रेकवर होता, गाडी बंद असूनही. मग त्यांनी तो काढला, दार उघडलं आणि उतरले. मी उशी उचलून त्यांना द्यायला लागले तर म्हणाले, "राहू दे ती. तुझे पाय माझ्यावरच गेलेत." मग दाराशी वाकून, "गाडीत बोलू नका हा नियम काढून टाक. फालतू नियम आहे," म्हणाले आणि फडकं घेऊन मागची काच पुसायला गेले. एकच काच ते कितीतरी वेळ पुसत होते.

२७ मार्च

साहेब आले. वर्ग झाला, चांगला झाला. बाबा शेवटच्या रांगेत होते, हात एकदाही वर नाही.

गाडीत डेंटिस्टबाई चालवायला, मी उशीवर, साहेब मागे. मोठा चौक आला. मी म्हटलं, "दुसरा गिअर. उजवा आरसा. थांबा. आता चला." एका वाक्यात एकच गोष्ट, बँकेतल्या बाईसारखी. ब्रेकवर पाय एकदाच दाबावा लागला, तोही एका सायकलवाल्याची चूक होती. साहेबांनी मागून काहीतरी विचारलं, तर सवयीनं मी त्यांचाच प्रश्न मोठ्यानं परत म्हटला आणि मग उत्तर दिलं.

उतरताना ते म्हणाले, "प्रश्न परत म्हणायची पद्धत चांगली आहे. कुठे शिकलात?"

"घरी," मी म्हटलं.

परवाना वाढवून मिळाला.

१९ एप्रिल

बाबांना यंत्र लावून चार दिवस झाले. पहिले दोन दिवस नुसता वैताग होता. नळ मोठ्यानं वाहतो, पेपर कुरकुरतो, आई फार बडबडते. मला म्हणाले, "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" आणि मग आम्ही तिघंही इतकं हसलो की त्यांना यंत्र काढून ठेवावं लागलं.

आज पहिल्यांदा ते गाडीत आले. पुढे नाही, मागच्या सीटवर. "बघतो फक्त," म्हणाले. एक नवीन शिकाऊ चालवत होता, मी उशीवर. चौक ओलांडला, डावीकडे वळलो, रस्ता सरळ झाला. इंडिकेटर त्यानं चालूच ठेवला होता. टक टक टक टक.

मला लगेच ऐकू आलं. सांगायला तोंड उघडलं, शब्द जिभेवर होते, सुटे आणि स्वच्छ. आणि आरशात बाबा दिसले. त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती. कपाळावर आठी नव्हती. ते कसला तरी अंदाज घेत होते, फार दिवसांनी ओळखीचा माणूस दिसावा आणि नाव आठवू नये तसं.

मी तोंड मिटलं. टक टक टक टक. रस्ता मोकळा होता, घाई कसलीच नव्हती.

"अरे, तो इंडिकेटर बंद कर!" बाबा मागून ओरडले.